एकोणीस नंबर ते खिळा

पोटात काहीतरी फुटलं ते भर दुपारी,
खांबावरून उतरल्यावर, डबा उघडायच्या आत.
ऑफिसच्या जीपमध्ये मी आडवा,
गुडघे छातीशी घेऊन,
आणि नरडाण्यापासून धुळ्यापर्यंत
एकेक गतिरोधक मला नावानं ओळखत होता.

मग थेट दुसरी सकाळ.
नाकात नळी, कुशीत नळी, लघवीला नळी.
जन्मभर दुसऱ्यांच्या घरी तारा ओढल्या,
आता माझंच रीडिंग कुणीतरी घेतंय.

सिस्टर शेवंती पावरा. धडगावकडची.
उंची बेताची, आवाज तापल्या ट्रान्सफॉर्मरचा.
"वारा सरला का?"
सकाळी सहाला, सगळ्या वॉर्डासमोर.
बायको पदरात तोंड लपवते,
मेहुणा पंख्याची पाती मोजतो,
वीस नंबरचे रमजान तडवी, यावलचे,
स्वतःचे टाके दाबून कळवळतात :
"दुखस ना भो, हसाडू नको."

ती तीन गोळ्यांचं एक खेळणं आणते.
फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा.
पहिली गोळी उठते. दुसरी थरथरते.
तिसरी रुसल्या व्याह्यासारखी बसून.
"आता उशी पोटाशी धरा आणि खोका."
माले जमाव नही, मी म्हणतो.
"दुखण्याचं इंजेक्शन आठला दिलंय, साडेआठला उठायचं.
वेळ माझी, पाय तुमचे."

अकरा केव्हीच्या खांबावर चढणारा मी
कॉटच्या कडेला बसलो
तर खालची फरशी विहिरीइतकी खोल.

त्या दिवशी खुर्ची.
दुसऱ्या दिवशी दार :
सलाईनचं स्टँड माझ्या हातात,
लघवीची पिशवी बायकोच्या,
ओटीचा नारळ न्यावा तशी जपून.

दारापलीकडे भिंतीत एक खिळा.
खिळ्याला किल्ली, किल्लीला लाल दोरा.
ही कशाची?
"सोनोग्राफीच्या खोलीची."
एवढंच बोलून तिनं खिशातली वही काढली,
चौकटीची, शाळेतल्या पोरांची असते तसली.
आत वेळा. नुसत्या वेळा.
आला कधी, सुई कधी, टेबलावर घेतला कधी.
माझी ओळ : दोन चाळीस. तीन पाच. पाच वीस.
वरच्या ओळीत
पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत
दोन तास जास्त.

"किल्ली सापडत नव्हती," ती म्हणाली.
"टेबलाच्या खणात होती. खणाला कुलूप.
कुलूपवाला जेवायला."
त्या ओळीच्या नावावर तिचा अंगठा होता.
पुढचं मी विचारलं नाही.
तिनं वही मिटली.
"दुसऱ्या दिवशी घरून हातोडी आणली."

चौथ्या रात्री, सगळे झोपलेले असताना,
वारा सरला.
बायकोनं मेहुण्याला हलवलं,
मेहुण्यानं तडवींना,
तडवींनी दोन्ही हात वर केले,
आणि सिस्टरनं न हसता तक्त्यावर लिहिलं :
तीन बत्तीस.
सकाळी चमचाभर पाणी.
पाण्याला चव असते.

आता खिळ्यापर्यंत मी एकटा जातो.
बावीस पावलं. पोटाला पट्टा, हात भिंतीला.
तिथं थोडा उभा राहतो.
अंगठ्याखालचा तो माणूस कुठल्या गावचा असेल,
साक्री, शिंदखेडा, की आमच्याच फिडरवरचा?
त्याच्या ओसरीतलं मीटर
कदाचित मीच बसवलं असेल,
त्यानं मला चहाही दिला असेल.

खाली गाडी करकचून थांबते.
जिन्यावर चपला वाजतात,
कुणीतरी पोरगा धापा टाकत येतो,
न बघता हात घालतो,
किल्ली घेऊन जातो.

मी भिंतीला चिकटून
त्याला वाट दिलेली.